शिडाच्या बोटीवर हिवाळा: आधी ओल आवरा, मग थंडी

बोटीवर राहायला आल्यावरच्या पहिल्या हिवाळ्याआधी मला भीती होती ती थंडीची. म्हणून जाड रजया घेतल्या, लोकरीचे मोजे घेतले, दोन हीटर आणले. तिसऱ्या आठवड्यात चादर बदलायला गादी उचलली, तर खालचा प्लायवूड ओलाचिंब आणि गादीच्या खालच्या बाजूला काळ्या बुरशीचे ठिपके. छत गळत नव्हतं, बिल्ज (बोटीच्या तळाची पोकळी) कोरडी होती. ते सगळं पाणी माझ्याच श्वासातून आलेलं होतं. आता माझ्या ३१ फुटी फायबरग्लासच्या बोटीवर हिवाळ्याची तयारी ओलीपासून सुरू होते. पहिल्यांदा राहणाऱ्यांनाही मी तेच सांगते.

माणूस रात्रभरात श्वास आणि घामावाटे पाव लिटर किंवा त्याहून जास्त पाणी हवेत सोडतो. त्यात स्वयंपाकाची वाफ आणि वाळत घातलेला टॉवेल धरा. केबिनमध्ये २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १२ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे १२ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक जागी पाणी धरणार: हॅचची (छतातल्या झडपेची) काच, खिडकीची धातूची चौकट, कपाटामागची बोटीची भिंत, गादीची खालची बाजू. यावर लोक हमखास एक चूक करतात. थंडी आत येऊ नये म्हणून सगळी भोकं बुजवतात. करायचं नेमकं उलट. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत १७ ग्रॅम वाफ मावते, शून्य अंशाच्या हवेत ५ ग्रॅमही मावत नाही. त्यामुळे बाहेरची हवा कितीही बोचरी असली, तरी आत घेऊन तापवली की ती कोरडी होते. पुढचा एक आणि मागचा एक असे दोन झरोके मी दिवसरात्र उघडे ठेवते. पाणी उकळताना वरची हॅच बोटभर उघडते आणि भांड्यावर झाकण ठेवते.

गादीखाली हवा खेळली पाहिजे. लाकडी पट्ट्या चालतात, किंवा बोटीच्या गाद्यांखाली घालायची जाड, पोकळ जाळी मिळते ती घाला. कपडे भिंतीला टेकवून रचू नका आणि कपाटांची दारं थोडी उघडी राहू द्या. भिंतीला फोम लावणार असाल तर बंद छिद्रांचा घ्या आणि अजिबात फट न ठेवता चिकटवा. मागे हवा राहिली तर पाणी तिथेच साचतं आणि दिसतही नाही. हॅचला आतून ॲक्रिलिकची दुसरी काच बसवली, तर डोक्यावर थेंब पडणं जवळपास थांबतं.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घेताना जरा विचार करा. कॉम्प्रेसरचं यंत्र उबदार खोलीत चांगलं चालतं, पण गार केबिनमध्ये त्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि ते पाणी फारसं ओढत नाही. ओल शोषणाऱ्या चकतीचं यंत्र थंडीतही काम करतं आणि वर थोडी ऊबही देतं. वीज मात्र जास्त खातं. मी दुसरं निवडलं.

ऊब कशी मिळवायची, याचा निर्णयही ओलीवरच होतो. धुराडं नसलेला गॅसचा हीटर आत लावू नका. १ किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. त्याहून मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपेत तो कळत नाही. त्याचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच. इथे पैसे वाचवू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये साचतो, म्हणून त्याचा वेगळा अलार्म खाली लावा. डिझेलचा हवा तापवणारा हीटर मला सगळ्यात बरा वाटतो. ज्वलनाची हवा तो बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, त्यामुळे आत येणारी ऊब कोरडी असते. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला साधारण पाव लिटर डिझेल घेतो. तो दिवसचे दिवस मंद ठेवला तर आत काजळी धरते. अधूनमधून अर्धा तास जोरात चालवा. बर्फ पडल्यावर त्याचं धुराडं मोकळं आहे ना, तेही पाहा.

रात्री मात्र मी धक्क्यावरच्या विजेवर तेलाचा रेडिएटर लावते. इथे थोडं गणित करावं लागतं. २३० व्होल्टची १६ ॲम्पिअरची जोडणी किंवा १२० व्होल्टची ३० ॲम्पिअरची, दोन्हींतून ३६०० वॉटच्या आसपास वीज मिळते. पण तासन्‌तास चालणारा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा, म्हणजे साधारण २९०० वॉट. १५०० वॉटचे दोन हीटर रात्रभर एकत्र चालवले की ती मर्यादा ओलांडली. मी ती ओलांडत होते. एकदा केबल काढली, तर बोटीकडच्या सॉकेटची एक पिन तपकिरी पडून प्लास्टिक वितळायला लागलेलं. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी दोन्ही टोकांच्या प्लगना हात लावून पाहते. कोमट ठीक, गरम लागला तर भार लगेच कमी. केबलला प्लगच्या खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून सॉकेटमध्ये जात नाही.

सतत विजेला जोडलेल्या बोटीचे अ‍ॅनोड (बोटीचे इतर धातूचे भाग वाचावेत म्हणून पाण्याखाली लावलेले, स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लवकर झिजतात, कारण अर्थच्या तारेने ती शेजारच्या बोटींशी जोडली जाते. त्या तारेत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे ही झीज करणारा सूक्ष्म प्रवाह अडवणारं उपकरण, बसवा. अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात जस्ताचा, मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा.

मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या बंदरात) जागा ठरवताना विचारा: हिवाळ्यात राहायची परवानगी आहे का, धक्क्यावरचे नळ कधी बंद होतात, मैल्याच्या टाकीचा पंप गोठणाऱ्या थंडीत चालतो का, न्हाणीघर तापवलेलं असतं का. नळ बंद झाले की पाणी कॅनमधून आणावं लागतं, म्हणून हिशोब आधीच करा.

इंजिन वापरणार नसाल तर समुद्राचं पाणी फिरतं त्या भागात प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटीफ्रीझ भरा. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पाण्यात सोडू नका. इंजिनात जाणारं समुद्राचं पाणी गाळणाऱ्या भांड्यात पाणी राहिलं तर ते गोठून भांडं तडकतं. थंडी ओसरून बर्फ वितळला आणि बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह उघडाच असला, तर त्या तडीतून पाणी सरळ बोटीत येतं. लागत नाहीत ते सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा. कॉकपिटचे (सुकाणूजवळच्या उघड्या, खोलगट जागेचे) निचरे मात्र उघडे आणि बर्फमुक्त हवेत.

डेकवरचा बर्फ लगेच काढा, प्लास्टिकच्या फावड्याने. १५ चौरस मीटर डेकवर २० सेंटिमीटर ओला बर्फ साचला की आठ-नऊशे किलो वजन होतं. त्या वजनाने बोट पाच-सहा सेंटिमीटर खाली बसते आणि एरवी पाण्याच्या वर असलेलं एखादं भोक पाण्याखाली जातं. धक्क्याला बांधलेल्या बोटी अशाही बुडतात. दोरखंड दुहेरी बांधा, घासतात तिथे जाड आवरण घाला. डोलकाठीवर आपटणाऱ्या दोऱ्या बाजूला ताणून बांधा. वाऱ्याच्या रात्री शेजाऱ्यांनाही झोप लागली पाहिजे.

सगळ्यात जास्त भीती मला त्या शेवटच्या पावलाची वाटते, निसरड्या धक्क्यावरून बोटीवर चढताना टाकायच्या. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातं. त्यानंतर हातपाय साधारण १० मिनिटंच कामाचे राहतात. शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण शिडी पकडायची ती त्या १० मिनिटांतच. म्हणून पाण्यातून हाताने ओढून खाली घेता येईल अशी शिडी बसवा. धक्क्यावरच्या शिड्या कुठे आहेत ते दिवसाउजेडी चालून पाहून ठेवा. रात्री एकटी परतताना मी लाइफ जॅकेट घालूनच धक्का ओलांडते.

दोन दिवसांपेक्षा जास्त बाहेर जायचं असेल तर हीटर चालू ठेवून बोट सोडू नका. पाण्याच्या टाक्या आणि नळ रिकामे करा, व्हॉल्व्ह बंद करा, गाद्या उभ्या करून ठेवा, झरोके उघडे राहू द्या. बिल्ज पंपाची बॅटरी भरलेली आहे ना ते तपासा, आणि किल्ली अशा शेजाऱ्याकडे द्या जो सकाळी तुमच्या दोरखंडांवर नजर टाकेल.