शाब्दिक उदाहरण शेवटून वाचा

शाब्दिक उदाहरणात आकडे दिसले की मुलं लगेच त्यांची बेरीज-गुणाकार करायला लागतात. गणित येत असूनही उत्तर चुकतं, कारण दिलेला प्रत्येक आकडा वापरायचाच असतो असं त्यांना वाटतं.

उपाय सोपा आहे. आधी शेवटचं वाक्य, म्हणजे प्रश्न वाचा आणि उत्तराची जागा एककासकट लिहून ठेवा: "____ वाजता". मग वरून वाचत प्रत्येक आकड्याला विचारा, हा नसता तर माझं अडलं असतं का? अडत नसेल तर त्याला पेन्सिलीने हलका कंस करा.

हे उदाहरण बघा. टाकी २ मीटर उंच आहे. तिच्यात ६०० लीटर पाणी मावतं. नळातून मिनिटाला १५ लीटर पाणी येतं. रिकामी टाकी भरायला सकाळी ७ वाजता नळ सोडला, तर ती किती वाजता भरेल?

उंची कंसात. ६०० भागिले १५ म्हणजे ४० मिनिटं, उत्तर ७ वाजून ४० मिनिटं. प्रश्न "किती वेळात" असा असता, तर ७ सुद्धा कंसात गेले असते! हा फरक मुलांना एकदा करून दाखवाच, तिथेच खरी गंमत कळते.

एक मात्र सांभाळा: आकडा पूर्ण खोडू नका, पुढे लागू शकतो. आणि "निम्मी", "दुप्पट", "डझन", "रिकामी" हे शब्दही माहितीच असतात, त्यांच्याखाली रेघ मारा.