प्लाझ्मा कोटिंग निघतंय? या चुका टाळा

पंपाच्या स्लीव्हवरचं (शाफ्टवर बसणाऱ्या नळीवरचं) सिरॅमिक कोटिंग पापुद्र्यासारखं सुटलं की नागपूरजवळच्या औद्योगिक वसाहतींत, हिंगणा असो की बुटीबोरी, खापर फुटतं कोटिंग फवारणाऱ्या प्लाझ्मा गनवर. गनचा दोष क्वचितच असतो. टंगस्टनचा कॅथोड आणि तांब्याचं नोझल यांच्यातल्या आर्कमधून आर्गॉन-हायड्रोजन जातो, तापमान 10,000 अंशांच्या वर चढतं, पावडर वितळून भागावर आदळते आणि चपटी होऊन थिजते. ती वेल्डिंगसारखी धातूत मिसळत नाही, मुख्यतः खरबरीत पृष्ठभागात अडकून राहते. सगळी मेख इथेच आहे.

म्हणून आधी सुटलेल्या जागेकडे नीट पाहा. तिथे कोरा धातू दिसतोय? मग चूक ब्लास्टिंगची, म्हणजे हवेच्या जोराने टोकदार कण (ग्रिट) मारून पृष्ठभाग खरबरीत करण्याची. वापरून वापरून बोथट झालेली ग्रिट, कंप्रेसरच्या हवेतलं तेल-पाणी (पांढऱ्या कागदावर हवा सोडा, डाग लगेच कळतो), उघड्या हाताने उचललेला भाग. आणि सगळ्यात जास्त नडणारी सवय म्हणजे संध्याकाळी ब्लास्टिंग आणि स्प्रे दुसऱ्या दिवशी सकाळी. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हे एखाद्या वेळी खपून जाईल, जुलैत नाही. दोन-तीन तासांत स्प्रे सुरू झालाच पाहिजे.

निकेल-अॅल्युमिनियमचा बाँड कोट (सिरॅमिकला धरून ठेवणारा खालचा थर) जागेवर आहे, फक्त सिरॅमिक गेलंय? मग थर जाड झाला किंवा भाग तापला. पोलाद आणि सिरॅमिक उष्णतेने सारखे फुगत नाहीत. भाग साधारण 150 अंशांच्या खाली ठेवा, थंड हवेचा झोत लावा, गरज पडल्यास मध्ये थांबा. झिजलेल्या शाफ्टचं माप सिरॅमिकनेच भरून काढायचा मोह तर नकोच. माप धातूच्या थराने भरा, वर सिरॅमिक 0.2-0.3 मिलिमीटर पुरे.

गन थुंकतेय, पावडर धक्क्याधक्क्याने येतेय? पावसाळ्यात डबा उघडा राहिला असेल. पावडर ओव्हनमध्ये 100-120 अंशांवर वाळवा. गनचा कोन 90 अंशांच्या जवळ हवा. 45 च्या खाली गेलात तर थर सच्छिद्र होतो.

थोडी छिद्रं तशीही राहतातच. पाण्यातल्या किंवा आम्लातल्या भागाला ग्राइंडिंगआधी छिद्रं बुजवणारा सीलर लावला नाही, तर कोटिंग शाबूत दिसतं आणि खालून गंज धरतो.

कोराडी-खापरखेड्यासारख्या कोळशावरच्या केंद्रांत राखेने झिजणाऱ्या भागाला टंगस्टन कार्बाइड हवं असेल, तर प्लाझ्माचा हट्ट सोडा. त्या उष्णतेत कार्बाइडमधला कार्बन जळतो आणि थर ठिसूळ होतो. तिथे एचव्हीओएफच (इंधन-ऑक्सिजनच्या वेगवान ज्वाळेने फवारणं) बरं.