समुद्राजवळ घर घ्यायचंय? आधी ऊन बघा

दर महिन्याला दोन-तीन तरी मेसेज येतात आणि प्रश्न साधारण एकच, ताई वेलिंग्टनला जॉब लागलाय, दोन मुलं आहेत, शहरात घर परवडत नाहीये, तुम्ही कापिटी कोस्टला समुद्राजवळ राहता ना, तिकडे कसं आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करून आता बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही 2014 ला आलो, न्यूझीलंडमधली पहिली चार वर्षं भाड्याने काढली, मग स्वतःचं घर घेतलं, त्यामुळे जे लिहितेय ते बरंचसं ठेच लागून शिकलेलं आहे.

पहिल्यांदा भूगोल. वेलिंग्टनहून उत्तरेला निघालात की पाएकाकारिकी, रौमाती, पारापाराउमू, वाइकानाए आणि मग ओटाकी, अशी ही किनाऱ्याची गावं ओळीने लागतात. पश्चिम किनारा आहे, त्यामुळे आपल्या कोकणासारखाच सूर्य समुद्रात बुडतो, समोर कापिटी बेट, हवा स्वच्छ असली तर साउथ आयलंडचे डोंगरसुद्धा दिसतात. माझं माहेर दापोलीकडचं, त्यामुळे पहिल्या दिवशी मला वाटलं चला, घरीच आलो. तसं काही नाही हां. पाण्यात पाय टाकलात की कळतं, जानेवारीतसुद्धा पाणी थंडगार असतं, आणि वारा असा की छत्री ही वस्तू इथे कोणी सिरियसली घेत नाही.

लोक विचारतात समुद्रापासून किती लांब, मी सांगते आधी स्टेशनपासून किती लांब ते विचारा. लोकल ट्रेन वाइकानाएपर्यंतच येते, वेलिंग्टनला तासभर लागतो, स्नॅपर कार्ड (बस-ट्रेनचं प्रीपेड कार्ड) चालतं, सगळं झकास, पण पारापाराउमू बीच किंवा वाइकानाए बीचवर घर घेतलंत तर स्टेशन तीन-चार किलोमीटर मागे राहतं, म्हणजे बस किंवा गाडी किंवा सायकल आली. पाएकाकारिकीला स्टेशन आणि समुद्र दोन्ही चालत, गाव इतकं गोड की काय सांगू, पण घरं मोजकी आणि भाव ऐकून गप्प बसावं लागतं. ओटाकीला घरं स्वस्त दिसतात ते का, तर तिथे लोकल जातच नाही, वीकडेजना पामर्स्टन नॉर्थहून येणारी एकच गाडी सकाळी जाते आणि संध्याकाळी परत येते, ती चुकली की संपलं. आता एक्सप्रेसवे ओटाकीपर्यंत झाला आणि 2022 ला ट्रान्समिशन गली हा नवा मोटरवे पण उघडला, त्यामुळे गाडीने जाणाऱ्यांना ओटाकी जमतं, पण पेट्रोल आणि शहरातलं पार्किंग धरून हिशोब करा, स्वस्त घराचा फायदा तिथेच जिरतो. आणि जोरदार पाऊस झाला की पुकेरुआ बे आणि पाएकाकारिकीच्या मध्ये रूळ जिथे समुद्रावरच्या कड्याला चिकटून जातात तिथे दरड येते, मग ट्रेनऐवजी बस. घाटात दरड हे आपल्याला नवीन नाही म्हणा. ज्यांचं काम आठवड्यात दोन दिवस ऑफिस आणि बाकी घरून असं आहे त्यांना कापिटीसारखं दुसरं नाही, रोज जाणाऱ्यांनी मात्र एक महिना करून बघावं आणि मग बोलावं.

आता मुख्य मुद्दा, ऊन. आपण दक्षिण गोलार्धात आलोय हे डोक्याला कळतं पण अंगाला कळायला एक हिवाळा जावा लागतो. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. म्हणजे लिव्हिंग रूम उत्तरेला हवी, दक्षिणेकडच्या खोलीत जून-जुलैमध्ये ऊन शिरतच नाही, सकाळी पावणेआठला उजाडतं आणि संध्याकाळी पाचला अंधार. आमचं पहिलं भाड्याचं घर खिडकीतून समुद्राची पट्टी दिसते म्हणून घेतलं, सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात दार पूर्वेला आहे ना, मी म्हटलं हो, खूश. मुलांची बेडरूम दक्षिणेला. पहिल्या जूनमध्ये एक दिवस बेड सरकवला तर मागच्या भिंतीवर बुरशीचा काळा नकाशा, पडद्याची खालची कड काळी, कपाटातल्या माझ्या पैठणीच्या पिशवीला आतून दव. धाकट्याचा खोकला दोन महिने गेला नाही, मालकाला कळवलं तर म्हणे खिडक्या उघडा. बाहेर 6 डिग्री! शेवटी सेकंडहँड डिह्युमिडिफायर आणला, रात्री लावायचा आणि सकाळी टाकी ओतायची, दोन दोन लिटर पाणी निघायचं, त्या खोलीच्या हवेतून. थोरली म्हणायची आई हे प्यायचं का.

तेव्हा नियम ढिले होते, आता तसं नाही. हेल्दी होम्स नावाचे नियम 1 जुलै 2025 पासून सगळ्या खाजगी भाड्याच्या घरांना लागू आहेत, मुख्य खोली 18 डिग्रीपर्यंत गरम करता येईल असा हीटर, छताला आणि जमिनीखाली इन्सुलेशन, किचन-बाथरूमला एक्झॉस्ट फॅन, हे सगळं मालकाने द्यायलाच लागतं आणि करारासोबत तसं लिहून द्यावं लागतं. ते स्टेटमेंट वाचा, नुसती सही नको. पण नियमात फॅन लिहिलाय, ऊन नाही लिहिलेलं, ते तुम्हीच बघायचं. फोनमधलं कंपास उघडा, भर दुपारी घर बघायला जा, आणि हात भिंतीला लावून बघा, कोणी हसलं तर हसू द्या.

भाड्याचं अजून दोन ओळीत सांगते. इथे भाडं आठवड्याचं सांगतात, महिन्याचं नाही, आमच्या ओळखीतला एकजण जाहिरात बघून आनंदाने नाचला होता आणि मग चारने गुणल्यावर बसला (चारने पण नाही, वर्षाला 52 आठवडे असतात, महिन्याला सव्वाचारच्या वर पडतात). बाँड, म्हणजे भाड्याच्या घराची अनामत, जास्तीत जास्त चार आठवड्यांचा, तो मालकाने 23 वर्किंग डेजमध्ये टेनन्सी सर्व्हिसेस या सरकारी खात्याकडे भरायचा असतो, स्वतःच्या खिशात ठेवायचा नाही, आणि आगाऊ भाडं दोन आठवड्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. एजंटची वेगळी फी भाडेकरूकडून घेणं 2018 च्या डिसेंबरपासून बंद आहे. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं.

आणि आल्या आल्या घर घेऊ म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. वर्क व्हिसावर तयार घर विकत घेता येत नाही, 2018 मध्ये कायदा बदलला, रेसिडेंट व्हिसा मिळाला तरी मागचं वर्षभर इथे राहिलेलं आणि त्यात निदान 183 दिवस प्रत्यक्ष देशात असलेलं लागतं, नाहीतर परवानगी काढत बसा. तसंही एक अख्खा हिवाळा भाड्याने काढल्याशिवाय कुठलंच गाव कळत नाही. डिपॉझिटसाठी किवीसेव्हरमधले (आपल्या पीएफसारखी बचत) पैसे पहिल्या घराला काढता येतात, पण मेंबर होऊन तीन वर्षं झालेली हवीत आणि वर्क व्हिसावर किवीसेव्हरला जॉइन होता येत नाही, म्हणून रेसिडेन्सी आली की त्याच आठवड्यात जॉइन व्हा, आम्ही आळस केला आणि आठ महिने वाया घालवले. जुन्या लोकांकडून फर्स्ट होम ग्रँट या सरकारी मदतीचं ऐकाल, ती 2024 मध्ये बंद झाली. फर्स्ट होम लोन मात्र आहे, 5 टक्के डिपॉझिटवर, उत्पन्नाची मर्यादा असते.

आता समुद्राजवळच्या घराची खरी गंमत. अगदी पहिली ओळ, समोर वाळू, ते घर सोडून द्या. परवडत नाही म्हणून नाही, परवडलं तरी. 2012 मध्ये इथल्या काउन्सिलने पुढच्या 50 आणि 100 वर्षांत समुद्र कुठपर्यंत आत येईल त्याच्या रेषा आखल्या आणि 1800 च्या आसपास घरांच्या लिम रिपोर्टमध्ये टाकल्या. लिम म्हणजे त्या जागेबद्दल काउन्सिलकडे असलेली सगळी कुंडली, परवानग्या, पूर, ड्रेनेज, सगळं. लोक भडकले, प्रकरण हायकोर्टात गेलं, त्या रेषा नंतर काढाव्या लागल्या. कागदावरून गेल्या, पण इन्शुरन्सवाले स्वतःचे नकाशे ठेवून असतात. म्हणून ऑफर टाकाल तेव्हा ती कंडिशनल टाका, फायनान्स, लिम, बिल्डर्स रिपोर्ट (बिल्डरकडून घराची तपासणी) आणि इन्शुरन्स, चारही अटी, वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही. लिम यायला 10 वर्किंग डेज धरा. इन्शुरन्सचा कोट लेखी हातात आल्याशिवाय अनकंडिशनल होऊ नका, म्हणजे अटी काढून सौदा पक्का करू नका, कारण इन्शुरन्स नाही तर बँकेचं लोन नाही, आणि भूकंपाचं सरकारी कव्हर, घराला पहिल्या 3 लाख डॉलरपर्यंत अधिक जीएसटी, ते पण खाजगी पॉलिसी असेल तरच मिळतं. ऑक्शनला या अटी चालत नाहीत हे लक्षात ठेवा, हातोडा पडला की घर तुमचं, म्हणून सगळी चौकशी आधी.

मागे गेलं की सुटलो असंही नाही. ही सगळी गावं वाळूच्या टेकड्यांवर वसलीत आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात पूर्वीची दलदल, पीटची (कुजलेल्या झाडपाल्याची) माती, तिथे पाऊस पडला की तळं साचतं. काउन्सिलचे पुराचे नकाशे ऑनलाइन फुकट आहेत, पत्ता टाकून बघा. माझं मत विचाराल तर समुद्रापासून सात-आठशे मीटर ते दीड किलोमीटर, टेकडीच्या उंचवट्यावर, उत्तरेला तोंड, हे आमच्यासारख्यांचं घर. चालत बीचवर जाता येतं आणि खारा वारा जरा दमून येतो. किनाऱ्यापासून 500 मीटरच्या आतला पट्टा बांधकामाच्या हिशोबात जास्त गंजणारा धरतात, पत्रा, खिळे, गटरचे क्लॅम्प, सगळं लवकर जातं. कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको, आमच्याकडे अंगणातल्या लोखंडी झोपाळ्याच्या कड्या दर दोन वर्षांनी बदलायला लागायच्या. घर बघताना छपराच्या खालच्या कडेला, जिथे पाऊस धुवत नाही, तिथे बोट फिरवून बघा.

अजून एक, 1990 ते 2004 च्या सुमाराची प्लास्टर लावलेली, छज्जा नसलेली गुळगुळीत घरं फोटोत मस्त दिसतात आणि त्या मानाने स्वस्तही असतात. त्यातली बरीच गळकी निघाली, लाकूड आतून कुजलेलं, दुरुस्ती लाखांत. आम्ही एक असं जवळजवळ घेतलं होतं, बिल्डरने भिंतीत ओलाव्याचं मीटर लावलं आणि आमच्याकडे नुसतं बघितलं. लाकडी फळ्यांचं सत्तरच्या दशकातलं चौकोनी बोअरिंग घर घेतलं, आजपर्यंत तक्रार नाही.

भूकंपाबद्दल एकदाच. 14 नोव्हेंबर 2016, रात्री बारा वाजून दोन मिनिटांनी, कायकौराचा 7.8 तीव्रतेचा. घर थांबतच नव्हतं, आम्ही चौघं पॅसेजमध्ये खाली बसलो, किचनमधून डाळीच्या बरण्या पडल्याचे आवाज. इथे नियम शिकवतात, एक मिनिटापेक्षा जास्त किंवा उभं राहता येत नाही इतकं हललं तर सायरनची वाट बघू नका, उंचावर निघा. आम्ही पायजम्यावर मुलांना गाडीत घातलं आणि टेकडीकडे निघालो, वर शेजारच्या आजी आधीच थर्मास घेऊन बसल्या होत्या, त्यांनी मुलांना मिलो दिला. तेव्हापासून डिक्कीत एक पिशवी कायम असते, पाणी, टॉर्च, जुने स्वेटर, चिवडा. घर बघतानाच त्सुनामी झोनचा नकाशा उघडा आणि उंचावर जायचा रस्ता एकदा मुलांबरोबर चालून या.

मुलांचं सोपं आहे. पाचव्या वाढदिवसाला शाळा सुरू होते, जूनची वाट बघायची नाही, शाळेचा झोन मात्र पत्त्यावर ठरतो म्हणून घराआधी झोन बघा. 14 वर्षांखाली जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) दिवसाची साधी व्हिजिट फुकट असते, पण आधी नाव नोंदवायला लागतं आणि सगळे जीपी नवीन पेशंट घेत नाहीत, त्यामुळे सही करण्यापूर्वी फोन करून विचारा. कापिटीला मोठं हॉस्पिटल नाही, इमर्जन्सीला वेलिंग्टन गाठावं लागतं, घरात म्हातारी माणसं आणणार असाल तर याचा खरंच विचार करा. पोहण्याचे क्लास पहिल्या वर्षीच लावा, समुद्राजवळ राहून मुलांना पोहता येत नाही हे इथे चालत नाही.

खाण्याचं, मध आणि ताजा कढीपत्ता बॅगेत आणू नका, बाकी मसाले, पीठं, लाडू जे काही असेल ते फॉर्मवर लिहून टाका, फार तर काढून घेतील, न लिहिता सापडलं तर जागेवर 400 डॉलर. तिसऱ्यांची आठवण येणाऱ्यांना मात्र इथे मजा आहे, ओहोटीला वाळूत पायाने चाचपडलं की तुआतुआ लागतात, चव अगदी जवळची, माझ्या आईने इथे येऊन त्यांचं सुकं केलं तेव्हा दोन वाट्या भात जास्त गेला. रोजची मर्यादा असते आणि कधी कधी पाण्यामुळे काढायला बंदी असते, ते बघून जा.

ओपन होम, म्हणजे विकायचं घर सगळ्यांना बघायला उघडं ठेवतात ते, बहुतेक रविवारी असतात, एकटं जायला अवघड वाटत असेल तर सांगा, मी येईन, कंपास माझ्याकडे आहे. आणि तो जुना डिह्युमिडिफायर अजून गॅरेजमध्ये आहे, चालतो, फक्त टाकीचं झाकण हरवलंय, ज्याला हवा त्याने मे संपायच्या आत घेऊन जा.