पहिल्या नोकरीतले जास्तीचे तास न्याय्य आहेत का, हे कसे तपासावे

पदवी हातात पडून सहा महिनेही झालेले नसतात, आणि हिंजवडीतला किंवा अंधेरीतला एखादा नवा अभियंता रात्री साडेदहाला कार्यालयातून बाहेर पडताना विचार करत असतो की हे सगळ्यांच्याच वाट्याला येते, की नवा म्हणून आपल्याकडूनच करून घेतले जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास कामाचा आग्रह धरला आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन ९० तासांबद्दल बोलले. त्यावर देशभर वाद झाला, पण त्या मुलाला स्वतःच्या तासांचे उत्तर त्यातून मिळाले नाही. नवख्या माणसाला पहिल्या वर्षी काही आठवडे अधिक वेळ द्यावा लागतो, हे मी मान्य करतो. मात्र ते तास कागदावर नोंदले जायला हवेत, त्यांतून शिक्षण किंवा मोबदला मिळायला हवा आणि ते कधी संपणार हे सांगता यायला हवे. तुमच्या बाबतीत हे घडते आहे का, हे पाहण्यासाठी साधारण महिनाभराची तयारी लागते.

सुरुवात नोंदीपासून करावी. महिनाभर स्वतःच्या वहीत रोज येण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि मधल्या वेळात काय केले हे दोन ओळींत लिहावे. कंपनीचा लॅपटॉप यासाठी वापरू नये आणि क्लायंटची कोणतीही माहिती वहीत उतरवू नये. आठवड्याच्या शेवटी त्या तासांची तीन भागांत विभागणी करावी: ज्यात नवे काही शिकलात ते तास, जे येते तेच काम उरकण्यात गेलेले तास, आणि निव्वळ थांबण्यात गेलेले तास, म्हणजे लीड (गटप्रमुख) अजून उठला नाही म्हणून किंवा अमेरिकेतला क्लायंट कॉलवर यायचा आहे म्हणून बसून काढलेले. हिंजवडीहून हडपसरला पोहोचण्यात जाणारा वेळ कामाच्या तासांत धरता येत नाही, पण तो शेजारी वेगळा लिहावा, कारण झोप त्यातूनच कमी होते. तिसरा भाग दर आठवड्याला मोठा होत असेल, तर ‘तू अजून शिकतो आहेस’ हे स्पष्टीकरण तुमच्या बाबतीत लागू पडत नाही.

त्यानंतर तासाचा दर काढावा. हातात २५,००० रुपये येत असतील आणि महिन्याचे २२ दिवस रोज ९ तास काम ठरलेले असेल, तर १९८ तासांचा दर सुमारे १२६ रुपये पडतो. प्रत्यक्षात रोज १२ तास आणि चार शनिवारी ८ तास जात असतील, तर एकूण २९६ तास होतात आणि दर ८४ रुपयांवर येतो. म्हणजे ऑफर लेटरवरचे एक अक्षरही न बदलता तुमच्या श्रमाची किंमत एक तृतीयांशाने उतरलेली असते.

कायद्याची बाजूही पाहावी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालण्यात आली आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन ठरले. अंगमेहनतीच्या कामाबरोबरच तांत्रिक आणि कारकुनी काम करणाराही त्यात कामगार मानला आहे. वगळली आहेत ती गोपनीय, व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदे. म्हणून हुद्द्यात ‘असोसिएट’ किंवा ‘एक्झिक्युटिव्ह’ असे शब्द आहेत एवढ्यावरून आपण कायद्याबाहेर आहोत असे समजू नये. खरोखर कोणावर देखरेख करता का, हे पाहावे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास, तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादा १२५ ऐवजी १४४ तास आणि कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या १० ऐवजी २० करण्यास मंजुरी दिली, त्यामुळे जुन्या माहितीवर न थांबता आजचा नियम कामगार विभागाकडून पाहून घ्यावा. ४८ तासांची ही मर्यादा कोणी सहज दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, आणि डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना पुढे आलेल्या सुधारणेने १९४६ मध्ये कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

आता ज्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे येतो, ती म्हणजे टाइमशीट, कामाचे तास भरून द्यायचा कंपनीचा तक्ता. माझ्या पहिल्या नोकरीत आठवड्याला ६० तासांहून अधिक काम होत असे आणि शुक्रवारी सगळ्यांना ४५ भरायला सांगितले जाई. ‘उगाच प्रश्न नकोत’ एवढेच कारण दिले जायचे आणि आम्ही मुकाट्याने ४५ भरत असू. पुढे स्वतः प्रकल्पाचा अंदाज बांधायला बसलो तेव्हा समोर आधार म्हणून त्याच टाइमशीट होत्या. चार जणांनी ४५ तासांत केलेले काम म्हणून नव्या क्लायंटला चारच माणसांचा भाव गेला, आणि पुढच्या तुकडीतल्या मुलांना पहिल्याच दिवशी अशक्य मुदत मिळाली. लपवलेला तास असा पुढच्या फ्रेशरच्या डोक्यावर जाऊन बसतो. म्हणून तासांच्या न्याय्यतेची माझी पहिली कसोटी हीच आहे की खरा आकडा भरायला परवानगी आहे का. जिथे ती आहे तिथे लांब तासांवर निदान बोलता येते. जिथे कमी भरायला सांगतात तिथे ते तास अन्याय्य आहेत हे वरच्यांनाही ठाऊक असते.

शरीराचा हिशेब यात विसरू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक असतो. पुण्यात २०२४ मध्ये २६ वर्षांची एक सनदी लेखापाल रुजू झाल्यावर चार महिन्यांत मरण पावली आणि तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना कामाच्या ताणाविषयी पत्र लिहिले. ताणाचा संबंध संस्थेने नाकारला. पण नंतरच्या तपासणीत त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे राज्याच्या कामगार अधिकाऱ्यांनी सांगितले. आपल्या कार्यालयाची नोंदणी आहे का, हे विचारण्यात काहीही गैर नाही. झोप रोजच सहा तासांखाली येत असेल, छातीत धडधडत असेल, तर महिन्याची नोंद पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

नोंद हाती आली की लीडशी बोलावे, पण रिलीजच्या, म्हणजे तयार काम क्लायंटला सोपवण्याच्या, आठवड्यात नव्हे. ‘खूप काम आहे’ असे मोघम म्हटले तर ‘सगळ्यांनाच आहे’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी असे म्हणावे: ‘गेल्या महिन्यात माझे २९६ तास झाले आणि त्यांतले ४० क्लायंटच्या कॉलची वाट पाहण्यात गेले, कॉल असेल त्या दिवशी मी दुपारी येऊ का?’ बोलणे झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवून ठरलेले लिखित करून ठेवावे. महिन्याभरात फरक पडला नाही तर तोच ईमेल पुढे जोडून एचआरकडे आणि त्यानंतर कामगार आयुक्त कार्यालयाकडे जाता येते. शक्य असल्यास दोघातिघांनी मिळून जावे, कारण प्रोबेशनवरच्या एकट्या मुलाला गप्प करणे सोपे असते.

सोडायचेच ठरले तर बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, नीट वाचावा. बाँडमुळे नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो, मात्र कोणालाही सक्तीने कामावर ठेवता येत नाही. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कंपनीकडे कधीही ठेवू नयेत. ठेवली असतील तर राजीनाम्याआधी लेखी मागून घ्यावीत. घरी आईवडिलांना हे सांगताना वहीही सोबत न्यावी. ‘आम्हीही कष्ट केले’ असे म्हणणारे वडील ती २९६ तासांची पाने वाचतात तेव्हा बहुधा पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात, आणि नोटीस पिरियडचे दोन-तीन महिने कसे काढायचे याचे बोलणे तिथून सुरू होते.