दिव्यांग मुलांच्या कुटुंबांसाठी चर्चमध्ये महिन्याचा एक शनिवार: पुण्यातल्या मंडळींसाठी मार्गदर्शन

नाताळात वस्तीत जाऊन ब्लँकेटं, केक आणि खेळणी वाटली जातात. ते चांगलंच आहे. पण सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या मुलीच्या आईला वर्षभर काय लागतं, हे कुणी बसून विचारलं तर ती बहुतेक वेळा वस्तू मागत नाही. तिला दोन-तीन तास हवे असतात. तेवढ्या वेळात मुलगी जबाबदार माणसांच्या हाती असावी आणि तिला स्वतःला निवांत नहाता यावं, धाकट्याचा अभ्यास घेता यावा, नाहीतर नुसतं पडून राहता यावं. पुण्याच्या ख्रिस्ती मंडळींना, म्हणजे चर्चच्या समुदायांना, असं काम परकं नाही. पंडिता रमाबाईंनी १८९० मध्ये विधवा मुलींना शिकवणारं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध स्त्रियांनाही आसरा आणि शिक्षण मिळालं. आजच्या एखाद्या मंडळीला तेवढा पसारा झेपणार नाही. महिन्यातला एक शनिवार मात्र झेपतो.

दुसरा किंवा तिसरा शनिवार धरा, सकाळी १० ते १. वार आणि वेळ बदलू नका, कारण ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला ठरलेपणाचा आधार असतो आणि आईवडिलांना कामावरची सुट्टी आधीच सांगून ठेवता येते. अपवाद दोनच. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा आणि गणपतीच्या दहा दिवसांत कार्यक्रम पुढे ढकला. नाना पेठ, भवानी पेठेच्या बाजूला रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही आणि ढोल-ताशाचा आवाज ज्यांच्या कानांना सोसत नाही अशा मुलांचे हाल होतात. सुरुवात पाच कुटुंबांपासून करा. वर्षभर नीट चाललं तर दहापर्यंत जा आणि तिथे थांबा. तीस कुटुंबांना एकदाच बोलावण्यापेक्षा पाच कुटुंबांना बारा वेळा बोलावणं केव्हाही मोलाचं.

घरं शोधताना

कोणत्या घरात शाळेत न जाणारं मूल आहे, हे अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना तोंडपाठ असतं. ताडीवाला रोड असो, काशेवाडी असो की जनता वसाहत, आधी त्यांना भेटा. घरी जाताना दोघांनी जावं आणि त्यातली एक स्त्री असावी. फोन करून जा, संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान जा आणि रिकाम्या हाताने जा. पहिल्याच भेटीत पिशवी नेली की घरच्यांना तुम्ही देणारे आणि आपण घेणारे असं वाटू लागतं, आणि मग खरी अडचण कुणी बोलत नाही.

आपण कोण हे दारातच सांगा: अमुक चर्चची माणसं, शनिवारी मुलांना खेळवणं आणि जेवण, यायला कोणतीही अट नाही, धर्म बदलण्याचा विषय नाही. कार्यक्रमात एक-दोन भजनं होतात, नको असेल त्यांच्यासाठी शेजारची खोली उघडी असते, हेही तेव्हाच सांगा. मदतीच्या बदल्यात प्रार्थनेला बसायला लावणं हा त्या कुटुंबाचा अपमान आहे आणि त्याने मंडळीवरचा विश्वास कायमचा जातो.

नोंदीचा कागद घरीच भरून घ्या. त्यात नाव, वय, पत्ता आणि दोन फोन नंबर तर हवेतच, पण खरी माहिती पुढे आहे. मूल 'हो' आणि 'नाही' कसं सांगतं? शू लागली की काय करतं? कशाला घाबरतं? शेवटची फिट कधी आली, किती वेळ टिकली? औषधं कोणती आणि किती वाजता? जेवण पातळ, मऊ की नेहमीचं? त्याला न्यायला कोण येणार आणि कोणाच्या हाती द्यायचं नाही? फोटोची परवानगी वेगळ्या ओळीवर, वेगळ्या सहीने घ्या. 'नाही' म्हटलं तरी शनिवारचं निमंत्रण तसंच राहतं, हे तोंडाने सांगा.

हॉलची तयारी

पहिली अडचण पायऱ्यांची. रॅम्पचा हिशोब सोपा आहे: १ फूट उंचीला १२ फूट लांबी. सहा इंचांच्या एका पायरीला ६ फुटांचा उतार लागतो, अशा तीन पायऱ्यांना १८ फुटांचा. बहुतेक ठिकाणी तीन पायऱ्यांवर चार फुटांची प्लायवूडची फळी टाकतात. ती इतकी उभी पडते की चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना धरणाऱ्याच्या हातातून निसटते. तेवढी जागा नसेल तर फळी टाकूच नका. मागच्या बाजूचं सपाट दार उघडा, नाहीतर कुठून कसं उचलायचं हे खुर्चीतल्या माणसाला आणि घरच्यांना विचारून उचला. रॅम्पची रुंदी ४ फूट, दोन्ही बाजूंना कठडा आणि पावसाळ्यासाठी वर खरखरीत पट्टी. उतरताना खुर्ची उलटी धरावी, म्हणजे माणसाचं तोंड चढाच्या बाजूला राहतं.

संडासाचं दार ३ फुटांचं नसेल तर व्हीलचेअर आत नेणं अवघड जातं. तोवर पडदा लावलेल्या एका कोपऱ्यात पक्कं, न डगमगणारं टेबल ठेवा. त्यावर फोमची गादी, रेक्झिनचं आवरण, हातमोजे, झाकणाची बादली आणि ओले पुसणे. दहा वर्षांच्या मुलाचा डायपर फरशीवर बदलायला लागू नये, त्याच्यासाठीही नाही आणि बदलणाऱ्याच्या कमरेसाठीही नाही.

शांत कोपरा हवाच. एक छोटी खोली, ट्यूबलाइट बंद, जमिनीवर सतरंजी, दोन-तीन उशा. आवाजाने गांगरलेलं मूल तिथे जाईल आणि हवं तेवढा वेळ बसेल. त्याला पुन्हा ओढून आणायचं नाही.

स्वयंसेवक

आधार लागणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक आणि वर दोन मोकळे, शिवाय स्वयंपाकाला तीन, दाराशी एक. पाच कुटुंबांना साधारण अकरा जण पुरतात. तरुण संघातली मुलं उत्साही असतात, पण त्यांच्याबरोबर भगिनी मंडळातल्या अनुभवी बायका हव्यातच. पहिल्या शनिवारच्या आधी दोन-दोन तासांची दोन सत्रं घ्या. एका सत्रात प्रत्येकाला स्वतः व्हीलचेअरमध्ये बसवून हॉलभर फिरवा. वाटेतल्या अडचणी तेव्हाच कळतात.

एक नियम पाळकसाहेबांनाही लागू राहील: एकटा मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड कधीही असणार नाही. संडासात नेताना आई किंवा वडील असतील, नसतील तर मुलीबरोबर दोन स्त्रिया, मुलाबरोबर दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया, आणि बाहेरचं दार उघडं. जी मुलं बोलू शकत नाहीत त्यांच्यावर झालेला अत्याचार सहज झाकला जातो, म्हणून हा नियम ओळखीच्या माणसासाठीही सैल करू नका. काही घडल्याचा संशय आला तर मंडळीच्या पंचांची बैठक बोलावत बसू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

पहिले तीन शनिवार आईवडील हॉलमध्येच थांबतील. मूल रुळलं आणि तुम्हालाही त्याची सवय झाली की चौथ्या वेळेपासून ते बाहेर जाऊ शकतात, फोन चालू ठेवून.

त्या तीन तासांत

सव्वादहाला भजन. पेटी, हलक्या हाताने ढोलकी, स्पीकर बंद. ध्रुवपद पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे शब्द न येणारी मुलंही तिसऱ्या वेळेला नेमकी त्याच जागी हात उचलतात. मराठी भजनाचा हा गुण फार उपयोगी आहे. टाळ मात्र बाजूला ठेवा. त्यांचा टोकदार आवाज काही मुलांना सुईसारखा टोचतो, खुळखुळे चालतात. नंतर तासभर खेळ: कणकेचा गोळा, पाण्याचं घमेलं, मोठे मणी ओवणं, चेंडू. दिवसाचा क्रम चित्रांच्या पाच पत्त्यांवर भिंतीला लावा आणि एक काम झालं की तो पत्ता उलटा करा.

बहीणभावंडांकडे वेगळं लक्ष द्या. दिव्यांग मुलाची नऊ वर्षांची बहीण घरी अर्धी आईच असते. तिला इथेही 'दादाला धर' सांगू नका. तिच्यासाठी कॅरम किंवा लगोरी आणि एक स्वयंसेवक असावा.

ऐकू न येणाऱ्यांशी बोलताना उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असं उभं राहा. खिडकीकडे पाठ केली की ओठ दिसत नाहीत. अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा आणि पायरी आली की 'एक पायरी वर' असं सांगा.

पावणेबाराला जेवण. चाळीस माणसांना मऊ मुगाच्या खिचडीसाठी अडीच किलो तांदूळ, सव्वा किलो डाळ, साडेचार पट पाणी. तिखट वेगळं, वरून. चिवडा, फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं त्या हॉलमध्ये आणूच नका, घशात अडकतात. ज्या मुलांना गिळायला त्रास होतो त्यांना भरवणं हे शिकून घ्यायचं काम आहे. आधी आईला भरवताना पाहा. मुलाला सरळ बसवा, पाठीला आधार, हनुवटी किंचित खाली. तुम्ही त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. उभं राहून भरवलं की मूल वर पाहतं, मान मागे जाते आणि घास श्वासनलिकेकडे वळतो. चहाच्या चमच्याचा अर्धा घास, जिभेच्या मध्यावर. घास गिळलेला दिसेपर्यंत दुसरा चमचा वर उचलायचा नाही. खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं किंवा आवाज घशात पाणी असल्यासारखा येऊ लागला तर थांबा आणि आईला बोलवा. जेवणानंतर अर्धा तास मुलाला आडवं करू नका. एका मुलाला चाळीस मिनिटं लागू शकतात. तेवढी लागू द्या.

फिट आली तर घड्याळ बघा. मुलाला कुशीवर करा, डोक्याखाली घडी केलेली ओढणी द्या, आजूबाजूची खुर्ची-टेबलं सरकवा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवायला कुणी पुढे आलं तर त्यांना गोडीने बाजूला न्या. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी आईवडिलांकडे तातडीचं औषध दिलं असेल तर ते कुठे आहे हे नोंदीच्या कागदावर लिहिलेलं असावं.

प्रार्थनेबद्दल

विचारल्याशिवाय डोक्यावर हात ठेवू नका. 'प्रार्थना करू का आणि कशासाठी?' असं विचारा. व्हीलचेअरवरच्या मुलाला चालता येण्यासाठी प्रार्थना हवी असेल असं आपण धरून चालतो, आणि त्याला हवी असते दहावीच्या पेपरसाठी. 'विश्वास कमी पडला' किंवा 'कुणाच्या तरी पापामुळे' हे शब्द तोंडून निघता कामा नयेत. जन्मांध माणसाकडे पाहून पाप कुणाचं, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने 'याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही' असं स्पष्ट सांगितलं आहे. योहानाचा नववा अध्याय स्वयंसेवकांच्या पहिल्या सत्रातच वाचावा.

कागदपत्रांची मदत

खेळ आणि खिचडीइतकंच महत्त्वाचं काम इथे आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर पुढच्या सगळ्या योजना अडतात. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर होतो, शुल्क नाही. पुण्यात ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय निवडता येतं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि बहुतेक लाभांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. कार्ड ४० पासून पिवळं, ८० पासून निळं. अर्ज अडतो तो बहुधा स्पेलिंगमुळे: आधारवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं. म्हणून आधी आधार दुरुस्त करून घ्या. तपासणीच्या दिवशी एक स्वयंसेवक सकाळपासून बरोबर जावा, डबा, पाणी, डायपर आणि सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन. प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असेल तर संपण्याची तारीख मंडळीच्या वहीत लिहा आणि तीन महिने आधी फोन करा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंतची. आणि एक गोष्ट बऱ्याच आईवडिलांना ठाऊकच नसते: मूल १८ वर्षांचं झालं की त्यांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं. या चार प्रकारांत जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. मूल सतरा वर्षांचं असतानाच हा विषय काढा.

शनिवारनंतरच्या मंगळवारी प्रत्येक घरी एक फोन करा, दोन मिनिटांचा. काय आवडलं, काय त्रास झाला आणि रात्री मूल झोपलं का. एखादं कुटुंब लागोपाठ दोनदा आलं नाही तर घरी जा. बहुतेक वेळा कारण रिक्षाभाड्याचं किंवा दवाखान्याचं असतं.

आणि रविवारच्या उपासनेसाठी एका बाकाची लांबी तीन फुटांनी कमी करून घ्या, हॉलच्या मध्यावर, शेवटच्या रांगेत नाही. ३ बाय ४ फूट जागा एका व्हीलचेअरला पुरते. बाक कापायला सुतार बोलवायच्या आधी, नेमकी कोणती रांग हवी, हे तिथे बसणाऱ्यालाच विचारा.