स्टॉक अँड्रॉइड घ्यायचं की कंपनीची स्किन? आधी आपला दिवस बघा

मागच्या दिवाळीला मामांना फोन मीच निवडून दिला, साधा स्टॉक अँड्रॉइडवाला, जाहिरात नाही, फालतू ॲप नाही, आणि आठच दिवसांत मामा शहापूरहून फोन हातात घेऊन दारात. "मी रेकॉर्डचं बटण दाबलो की ही बाई कोण बोलती गा मध्येच?" मामांचा बटाट्याचा धंदा, दर फोनवर ठरतो, नंतर वाद नको म्हणून बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची सवय. गूगलचं फोन ॲप रेकॉर्डिंग सुरू झालं की दोन्हीकडे ऐकू जाईल असं सांगतं. निपाणीचा व्यापारी ते ऐकून गप्पच झाला म्हणे. (त्याला आधीच सांगून रेकॉर्ड केलं असतं तर प्रश्नच नव्हता, पण हे मामांना कोण सांगणार.)

तर कुठलं चांगलं हे विचारायच्या आधी दिवसभर फोनवर काय करता ते बघा. स्टॉक म्हणजे गूगलनं दिलेलं अँड्रॉइड जवळपास तसंच, मोटोरोला त्याच्या बरंच जवळ आहे, पिक्सेललाही लोक स्टॉक म्हणतात पण त्यात गूगलनं स्वतःचं बरंच घातलंय. सॅमसंगचं वन यूआय, शाओमीचं हायपरओएस, ओप्पोचं कलरओएस ह्या स्किन, म्हणजे त्याच अँड्रॉइडवर कंपनीनं चढवलेला थर.

रेकॉर्डिंग लागत असेल तर दुकानातच त्या फोनवरनं एक कॉल लावून बघा, कारण स्किनवाल्या बऱ्याच फोनमध्येही डायलर, म्हणजे कॉल लावायचं ॲप, गूगलचाच असतो. प्ले स्टोअरवरनं वेगळं रेकॉर्डर ॲप टाकू म्हणाल तर मे २०२२ पासून गूगलनं ती वाट बंद केलीय.

आपल्याकडं सीमाभागात दोन सिम हे तर घरोघरी, एक कर्नाटकचं, एक चंदगड-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांसाठी महाराष्ट्राचं, आणि दोन्हीवर व्हॉट्सॲप पाहिजे. पूर्वी ह्यासाठी स्किनमधलं ड्युअल ॲप, म्हणजे एकाच ॲपची दुसरी प्रत, लागायचं, पण २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्येच दोन अकाउंट चालतात, त्यामुळे तेवढ्यासाठी स्किन घेऊ नका. ॲप लॉक मात्र शाओमी, ओप्पोसारख्या स्किनमध्ये सरळ मिळतं. स्टॉकमध्ये अँड्रॉइड १५ पासून प्रायव्हेट स्पेस, म्हणजे ॲप ठेवायचा वेगळा कुलूपबंद कप्पा, आलंय, ते जरा लपवाछपवीचं काम आहे, आईला समजावून सांगताना मी दमलो.

स्किनचा खरा त्रास वेगळाच. बॅटरी वाचवायला ती मागं चालणारी ॲप बंद करून टाकते. काकूंच्या फोनवर गोळीची आठवण करणारं ॲप होतं, ते चार दिवस वाजलंच नाही, काकू म्हणाल्या मीच विसरले, आणि बघतो तर फोननंच ते झोपवलेलं. असं असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'नो रिस्ट्रिक्शन्स' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, ऑटोस्टार्ट असेल तर तेही चालू करा. बँकेचं आणि व्हॉट्सॲपचं पहिल्याच दिवशी करून टाका.

जाहिरातींचं म्हणाल तर निम्म्या आपणच ओढवून घेतो. नवा फोन चालू करताना नेक्स्ट नेक्स्ट दाबत सुटू नका, रेकमेंडेशन, पर्सनलाइज्ड ॲड, लॉक स्क्रीनवरचे फोटो-बातम्या, सगळ्यांपुढची टिकची खूण काढा. आधीच भरलेली गेम-शॉपिंगची ॲप अनइन्स्टॉल करा, नाही निघालं तर डिसेबल.

दुकानात अजून एक बघा. अबाउट फोनमध्ये किंवा सेटिंगमध्ये सिक्युरिटी अपडेटची तारीख असते. नवा म्हणून विकतायत आणि तारीख सात-आठ महिन्यांपूर्वीची असेल तर पुढचं काय ते ओळखा. स्टॉक म्हणजे अपडेट जास्त वर्षं हा समज जुना झाला, पिक्सेल ८ ला गूगलनं सात वर्षं सांगितली, पाठोपाठ २०२४ मध्ये सॅमसंगनं एस२४ ला पण सात. स्वस्तातल्या फोनला मात्र किती वर्षं ते मॉडेलप्रमाणे विचारावंच लागतं, दुकानदार "येतात की ओ अपडेट" म्हणणारच, कंपनीच्या साइटवर बघा.

म्हाताऱ्या माणसांना मी सॅमसंग सांगतो, ईझी मोड लावला की अक्षरं-चिन्हं मोठी होतात. मराठी-कन्नड टायपिंगची काळजी नको, गूगलचा कीबोर्ड, जीबोर्ड, दोन्हीकडं चालतो.

मामांनी शेवटी दुसरा फोन घेतला, त्यात बाई बोलत नाही, पण त्यातली फालतू ॲप काढायला माझा अर्धा तास गेला. तो साधा मामींकडे आहे. त्यांना कुणाचं काही रेकॉर्ड करायचं नाही, सगळं लक्षात असतं.