काळ्या मातीत पायवा किती खोल घ्यावा

काळ्या मातीतलं घर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपं तडकते, कारण ही माती पाण्यानं फुगते अन् उन्हात फाटते.

मे महिन्यात प्लॉटवरच्या मोठ्या भेगांत पातळ सळई टाकून पाहा, दोन-चार जागी पाहा कारण भेग वाकडी असली की सळई मधातच अडकते. जिथं सर्वात खोल गेली त्याच्याही खाली पायवा पाहिजे, मिस्त्री तीन फुटावर पुरे म्हणला तरी मुरूम लागेपर्यंत खणाच.

बाजूनं भरताना तीच काळी माती परत लोटू नका, मुरूम टाकून थर थर ठोका.

पाच-सहा फुटावरही मुरूम नाही लागला तर इंजिनियरला विचारून अंडर-रीम पाइल घ्या, म्हणजे जमिनीत खोल जाणारे, बुडाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब. अन् खोदलेल्या मातीचा ढीग काठावर ठेवू नका, खड्डा ढासळते, आत माणूस असते.